पाणी प्यायला थांबणारा कोतवाल

फार फार वर्षांपूर्वी, कोतवाल पायी गस्त घालत तेव्हाची ही गोष्ट. एका नगरात एक कोतवाल होता. रोज दुपारी तो कासारआळीत पाणी प्यायला थांबायचा. म्हातारी कासारीण तांब्या पुढे करायची आणि बांगड्या पुसता पुसता चार गोष्टी हळूच त्याच्या कानावर घालायची.

एकदा एका जादूगाराने त्याला आरसे दिले. नाक्यानाक्यावर लहान आरसे आणि चावडीत एक मोठा. नाक्यावर जे घडे ते मोठ्या आरशात दिसे. पहिल्याच आठवड्यात अकरा खिसेकापू सापडले. राजाने शेला दिला. कोतवाल हुरळून गेला.

पण बसल्या जागी त्याची घालमेल सुरू झाली. उजवीकडे पाहावं तर डावीकडचं निसटे. दहा शिपाई सोबतीला बसवले, तरी घास हातातच राही. पापणी लवली तरी वाटे, गेलं काहीतरी! गस्त तर सुटलीच. आरशात कासारआळी अगदी शांत दिसे. आताशा तिथे कोणी गप्पा मारत उभंसुद्धा राहत नाही, हे मात्र त्या शहाण्याला खटकलं नाही.

ऐन उन्हाळ्यात राजाचं धान्याचं कोठार उघडलं, तर आत चार उंदीर आणि एक भुयार! ते निघालं कासारिणीच्या शेजारच्या घरात. सगळं नगर एकवेळच्या जेवणावर आलं.

कोतवाल धावतच कासारिणीकडे गेला. “मावशी, खणल्याचा आवाज आला नाही तुम्हाला?”

“महिनाभर येत होता की.”

“मग सांगितलं का नाही?”

“कुणाला सांगू? तुम्ही यायचं बंद केलंत. चावडीवर यावं, तर आरशापुढे दहा शिपाई बसलेले. मी निघाले की दहाजणांना दिसणार. त्यातला एक चोराचा मेहुणा. आणि आरशाला कानात कसं सांगायचं, साहेब?”

कोतवाल चावडीवर परतला. बाजारातले आरसे त्याने ठेवले, आळ्यांमधले उतरवले. त्याच आठवड्यात देवळाबाहेरून तीन जोडे चोरीला गेले आणि राजा चिडला. तरी कोतवाल दुपारी कासारआळीत गेला.

म्हातारीने तांब्या दिला, पण ती बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. कोतवाल रोज जात राहिला. चौथ्या महिन्यात कुठे तिने बांगड्या पुसायला घेतल्या.

तात्पर्य: जो सगळ्यांवर नजर ठेवतो त्याला पुष्कळ दिसतं, पण त्याला कोणी काही सांगत नाही.