न दुखणारा पाय

लिहिणाऱ्याची शाळा लवकर सुटली. ऱ्हस्व-दीर्घ जिथे चुकलं असेल तिथे वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं, आणि शब्द साधेच आहेत म्हणून रागावू नये. गोष्ट अशी आहे.

त्या राज्यात दुखण्याला आवाज असावा लागे.

राज्याचा दवाखाना तळ्याकाठच्या टेकाडावर होता आणि तिथे बगळेबुवा उपचार करत. ते एका पायावर उभे राहून विचार करत. दुसरा पाय पोटाशी घेतलेला असे. तो पाय खाली टेकलेला कुणी पाहिला नव्हता, आणि इतका खोल विचार करणारा वैद्य आपल्याला लाभला याचा सगळ्यांना अभिमान होता. दाराशी टिटवीबाई बसत. आजाऱ्याने समोर येऊन कण्हायचं, बाईंनी ऐकायचं, आणि ज्याचं कण्हणं मोठं त्याला आधी आत सोडायचं. बाजूला पाटी होती: 'दुखत असेल तर या. दुखत नसेल तर आनंद आहे.'

कुणाची तक्रार नव्हती. दारासमोरच्या चिंचेखाली कोल्हा कण्हण्याची शिकवणी घेई. श्वास कुठे तोडायचा, 'आई गं' कुठे घालायचं, डोळे कधी पांढरे करायचे, हे तो मन लावून शिकवी. त्याची स्वतःची सर्दी इतकी गाजलेली होती की ती ऐकायला धडधाकट जनावरंही येऊन बसत.

याच राज्यात एक उंट आणि एक खेचर मिळून मिठाच्या गोण्या वाहत. उंट वयाने मोठा आणि गप्पिष्ट. खेचर लाजाळू. त्याचा आवाज धड घोड्याचा नव्हता, धड गाढवाचा नव्हता, म्हणून ते बोलायचंच टाळी. वाटेने ते नेहमी उंटाच्या मागे चाले, त्यामुळे उंटाचे तळवे जगात त्याला एकट्यालाच दिसत.

त्या वर्षी उंटाला तहान लागू लागली. पाणवठ्यावरच्या माकडांना विषयच मिळाला.

"दादा, कुबडाला भोक पडलं का? सकाळपासून किती वेळा भरताय!"

"वय झालं रे, तोंड कोरडं पडतं," उंट म्हणे, आणि पाणी पिऊन लगेच आडोशाला जाई. तो जिथे जाऊन येई तिथे गुळाला लागावी तशी मुंग्यांची रांग लागे. मुंग्यांना काय ते कळलं होतं. पण त्या राज्यात मुंग्यांचा आवाज कुणाला ऐकू येत नसे.

मग त्याच्या तळव्यांची आग होऊ लागली, आणि काही दिवसांनी थांबलीही.

"बघ," उंट खुशीत म्हणाला, "आता काटा रुतला तरी कळत नाही. तळवा पक्का झाला माझा."

खेचराने मागून पाहिलं. मागच्या डाव्या तळव्याला जखम होती, आणि पाऊल पडेल तिथे वाळूवर ओला ठिपका उठत होता. ते बरेच दिवस काही बोललं नाही. ठिपका मोठा झाला तेव्हा मात्र ते उंटाला दवाखान्यात घेऊन आलं.

"काय होतंय?" टिटवीबाईंनी विचारलं.

"काही नाही हो बाई. हे पोरगं मागे लागलं म्हणून आलो. पायाला जरा चिरलंय."

"दुखतं?"

"छे!"

"मग कण्हाल कसे?" बाईंनी चोचीने पाटी दाखवली. "आनंद आहे तुमचा. जरा सरका, मागे लांडोर खोळंबलीय, तिच्या शेपटीत कसंतरी होतंय."

उंट खरोखरच आनंदाने परतला. पुढच्या आठवड्यात जखमेची कड काळी पडली. माश्या येऊ लागल्या. उंटाला हुडहुडी भरे, गोणी पाठीवर घेताना तो डुले. खेचराने त्याला पुन्हा टेकाडावर आणलं. चिंचेखालून कोल्हा म्हणाला, "ए मुक्या, दादांच्या नावाने तूच कण्ह ना. पोटातून काढ, पोटातून. लाजलास की संपलं."

खेचराने डोळे मिटले आणि पोटातून काढलं. जो आवाज निघाला त्याने सगळी रांग हसून लोळली.

"कण्हतोय की विहिरीचा रहाट फिरवतोय?" लांडोर म्हणाली. ती पुन्हा आली होती.

"दुसऱ्याचं कण्हणं इथे चालत नाही," टिटवीबाई म्हणाल्या. "तसं चाललं असतं तर रांगेत नुसत्या आयाच उभ्या राहिल्या असत्या."

उतारावर उंट थांबला. "थोडं बसतो," असं म्हणून बसला, आणि त्याची मान हळूहळू वाळूला टेकली. "दुखत काही नाही रे," तो म्हणाला. "नुसती झोप येतेय."

खेचराने दातांनी उंटाचं दावं धरलं, ओढलं, खांदा लावला, आणि लटपटत्या उंटाला दाराकडे न नेता टेकाडाला वळसा घालून मागच्या बाजूने तळ्यावर नेलं. बगळेबुवा उथळ पाण्यात विचार करत उभे होते.

"मला कण्हणं ऐकू आलं नाही," बुवा वर न बघता म्हणाले.

उंट काठावर कोसळला तसं खेचर गुडघ्यावर बसलं, मान त्याच्या मागच्या पायाखाली घातली आणि तळवा बुवांच्या चोचीसमोर उचलून धरला.

बुवांनी पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं.

"हे दुखत नाही तुला?"

"नाही, महाराज."

"मुळीच?"

"मुळीच."

बुवांची मान लांब होती ती आखूड झाली. त्यांनी पोटाशी घेतलेला पाय हळूहळू खाली सोडला, आणि कुणाची तरी वस्तू बघावी तसा तो उलटा करून पाहिला. त्याच्या तळव्यालाही तसंच भोक होतं, कड काळी पडू लागलेली.

"माझाही दुखत नाही," बुवा म्हणाले.

त्यानंतर त्यांनी चोच धुतली आणि संध्याकाळपर्यंत दोघांच्या पायांवर काम केलं, आधी उंटाच्या. सडलेलं काढलं, धुतलं, पाला बांधला. उंटाचं एक बोट गेलं, पाय राहिला. पाणी, खाणं आणि चालणं यांबद्दल बुवांनी त्याला पुष्कळ सांगितलं. आणि उंटाने पहिल्यांदाच मध्ये न बोलता ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खेचर दाराशी गेलं. रांग लागली होती, कोल्हा घसा साफ करत होता. खेचर रांगेच्या तोंडाशी येऊन उभं राहिलं, कुणाला काही विचारलं नाही, खाली वाकलं आणि कोल्ह्याचा पंजा उचलून तळवा पाहू लागलं. कोल्ह्याचं 'आई गं' अर्ध्यात राहिलं. मग त्याने दुसरा पंजा आपणच पुढे केला. पाठीमागे लांडोर एका पायावर उभी राहिली, तिच्यामागे माकडं खाली बसून आपापले तळवे उलटे करू लागली, आणि दारासमोर इतकी शांतता झाली की मुंग्या चालल्याचं ऐकू येत होतं.

टिटवीबाई थोडा वेळ इकडेतिकडे बघत राहिल्या. मग त्या पाटीखालीच उताण्या झाल्या आणि त्यांनी दोन्ही पाय आभाळाकडे वर केले.