करंड्यावरचा मोर

वस्तूंना वाचा होती त्या काळची गोष्ट. चांदीच्या एका कुंकवाच्या करंड्याला खिडकीतला चंद्र बघून वाटे, आपणही असंच लख्ख व्हावं. सणावारी रांगोळीची पूड त्याला घासायला येई.

“आणखी घास गं, काळं राहिलंय,” तो म्हणे.

“अरे, ते माझ्या पिसांच्या रेघांतलं आहे,” झाकणावरचा कोरीव मोर कळवळून सांगे. “तेवढं राहू दे की!”

करंडा ऐकेल तर शपथ. घासून घासून रेघाच झिजल्या. कोजागिरीला मालकीणबाईंनी करंडा हातात घेतला आणि त्या थबकल्या. “अगंबाई, यावरचा मोर कुठे गेला?”

करंड्याने मोराला हाक मारली. ओ आली नाही.

तेवढ्यात खिडकीत चंद्र उगवला. त्याच्या कुशीत काळासावळा ससा खुशाल झोपला होता.