क पासून क पर्यंत

“उलटं फिरवता येत नाही?” मठ सांभाळणाऱ्या सिद्धूबुवांनी विचारलं.

उन्मेषने मान हलवली. नाही.

“कुलूप तूच लावलंस ना?”

“मीच लावलं.”

“मग किल्ली?”

उन्मेषने समोर बोट दाखवलं. मठाच्या ओट्यावर जुना लॅपटॉप उघडा होता. पडद्यावर ओळीच्या ओळी होत्या आणि सगळ्या ओळींत एकच अक्षर होतं. का, की, कू, के, को. पहिलीतल्या पोराने पाटीवर बाराखडी गिरवावी आणि पाटी संपतच नसावी, तसं.

थोरल्या महाराजांचे दोनशे बारा बोल त्या ओळींत होते. काल संध्याकाळपर्यंत ते आहेत अशी उन्मेषची खात्री होती.

थोरल्या महाराजांनी आयुष्यात कागदाला हात लावला नाही. मेंढरं राखता राखता बोलत गेले. त्यांचे बोल पाठ होते ते एका म्हाकूबाबांना. दर पुण्यतिथीला डोळ्यांनी अधू झालेला तो म्हातारा समाधीपुढे बसायचा आणि एकही शब्द न अडखळता सगळे म्हणायचा. या वरच्या मठाची माणसं यायची, घाटाखालच्या मठाचीही यायची. पुण्यतिथी आठ दिवसांवर आली होती. म्हाकूबाबा पौषात गेले होते.

ते असताना उन्मेषने अख्खा चातुर्मास त्यांच्यापुढे बसून बोल उतरवून घेतले. तो कॉलेजातली नोकरी सोडून मठात आलेला. शिकलेला म्हणून मठात त्याला मान होता आणि तो मान त्याला आवडायचा. वहीतून बोल लॅपटॉपवर चढवले आणि वह्या डोहात सोडल्या, कारण बोल कागदावर ठेवायचे नाहीत अशी मठाची रीत.

कार्तिकात खालच्या मठाची चार माणसं नक्कल मागायला आली. म्हाकूबाबा म्हणाले, दे की. उन्मेषने दिली नाही. अधिकार नसलेल्याच्या हाती असलं धन पडू नये, असं त्याचं म्हणणं. माणसं चहा घेऊन घाट उतरून गेली.

त्याच आठवड्यात त्याने कुलूप केलं. प्रोग्रॅमिंग शिकायचं एक पुस्तक त्याच्याजवळ होतं. त्यातला अगदी सुरुवातीचा धडा, प्रत्येक अक्षराच्या जागी पुढचं अक्षर घालायचं. क च्या जागी ख, ख च्या जागी ग, असं करत शेवटच्याच्या जागी परत क; काना-मात्रा तशाच. वाचणाऱ्याला काही कळू नये. ज्याला रीत ठाऊक, त्याने एकेक अक्षर मागं सरकवावं आणि वाचावं.

पुस्तकात लिहिलं होतं, आधी दोन शब्दांवर करून बघा. दोन शब्दांत वेळ घालवायला उन्मेष काही नवशिका नव्हता. त्याने सगळ्या बोलांवर एकदम प्रोग्रॅम चालवला. पडद्यावर ओळखीचा एक शब्द दिसेना, तेव्हा तो खूश झाला. कळू नये हेच तर हवं होतं. पेन ड्राइव्हवर दुसरी प्रत होती, तीही त्याने तशीच बंद केली. मग लॅपटॉप मिटला, तो काल उघडला.

“मला समजंल असं सांग,” बुवा म्हणाले. “चूक कुठं झाली?”

उन्मेषने सांगितलं. यंत्राला त्याने पायरीपायरीने हुकूम दिले होते. आधी सगळ्या क चे ख कर. मग सगळ्या ख चे ग कर. पण आधीपासूनचे ख कोणते आणि आत्ताच क चे झालेले ख कोणते, हे यंत्राला कुठून कळणार? त्याने सगळेच उचलले. ग झाले, घ झाले. शेवटी सगळी अक्षरं एका ठिकाणी गोळा झाली आणि तिथून सगळीच्या सगळी क वर आली.

बुवांनी तरुणपणी पुष्कळ मेंढरं राखली होती.

“म्हंजे दोन कळप एका जाळीत कोंडलेस,” ते म्हणाले. “खूण न करता.”

“हो.”

“आन् सकाळी म्हणतोस, माझी कुठली?”

उन्मेषची नजर दाराशी ठेवलेल्या पिशवीकडे गेली. ती त्याने पहाटेच भरून ठेवली होती. बुवा जा म्हणतील, हे त्याने धरलेलंच होतं.

बुवा जा म्हणाले नाहीत.

“वाच,” ते म्हणाले.

“काय वाचू?”

“हाय ते.”

“बुवा, यात आता काही नाही.”

“वाच.”

उन्मेष वाचू लागला. काकी कको का ककी... मास्तरकी केलेला माणूस, ओट्यावर बसून क ची बाराखडी म्हणत होता. बुवा डोळे मिटून काठीच्या मुठीवर बोट आपटत होते. एक बोल झाला, दुसरा झाला. सहा झाले.

“कुकक्काकं क्काकं, काकी कककू कके,” उन्मेषने सातवा वाचला.

बोट थांबलं.

“परत.”

त्याने परत वाचला.

बुवांचे ओठ हलले. मग हळूच आवाज आला... “पुढच्यानं प्यावं, पाणी ढवळू नये.”

उन्मेषने पडद्यावर बोट ठेवून एकेक काना, एकेक मात्रा ताडून पाहिली. जिथल्या तिथं होती. अक्षरं गेली होती, चाल राहिली होती.

त्याच्या जिवात जीव आला. तो भराभर वाचू लागला. वीस झाले, पन्नास झाले. ऊन ओट्यावरून खाली उतरलं. दोनशे बारा संपले तेव्हा त्याचा घसा बसला होता.

बुवांना आणखी एक अर्धा सापडला. बाकी काही नाही.

“तुम्ही चाळीस वर्षं ऐकत होता,” उन्मेष म्हणाला. त्याला दोष द्यायचा नव्हता, पण तसं निघून गेलं.

बुवांनी समाधीकडे पाहिलं.

“शेजारी बसलो व्हतो,” ते म्हणाले. “म्हाकूला पाठ हाय म्हणून मी निवांत. तू आलास, यंत्र आलं, तवा म्हाकूपण निवांत झाला...”

वारा आला. लॅपटॉपचा पडदा आपोआप काळा झाला.

उन्मेषने विचारलं, “पुण्यतिथीला आता काय म्हणायचं?”

“हेच.”

“हे?”

“समाधीपुढं उभा राहा. पहिल्यापासून वाच.”

“खालच्या मठाची माणसं असतील, बुवा. ती चौघंही येतील.”

“येऊ देत. त्यांच्यातही म्हातारी माणसं हायेत. कुणाच्या कानात काय पडलंय, मला काय ठावं.”

उन्मेषच्या डोळ्यांपुढे भरलेलं अंगण आलं. त्यात चहा पिऊन परत गेलेली ती चार तोंडं आली.

“हसतील मला,” तो म्हणाला.

बुवा काठीवर भार देऊन उठले. त्याची भरलेली पिशवी दाराशी होती. ती त्यांनी काठीच्या टोकाने आत सरकवली.

“हसू देत,” ते म्हणाले. “हसायला आधी ऐकावं लागतं.”