करवंटीभर गोडं पाणी

फार पूर्वी, प्राणी शेती करायचे त्या काळी, समुद्राकाठच्या एका कोरड्या गावात भुरका ससा वाळूत कलिंगडं पिकवायचा. भर उन्हात तो विहिरीतून बादल्यांवर बादल्या उपसायचा. त्याच विहिरीत चंद्री बेडकी राहायची. त्याला सांगून सांगून तिचा घसा बसला होता.

“अरे भुरक्या, पाऊस दरवर्षी कमी होतोय. वेलींच्या बुडाशी पाला घाल, पाणी संध्याकाळी दे. विहिरीचं पाणी खाली गेलं की समुद्र आत शिरेल!”

“समोर एवढा समुद्र पसरलाय, चंद्रीताई. पाणी संपेल कसं?” असं म्हणून ससा पुन्हा बादली सोडायचा आणि चंद्री कपाळाला हात लावायची.

शेवटी एका सकाळी विहीर खारट झाली. चंद्रीची पिल्लं तडफडू लागली. कपारीत साचलेलं थोडं गोडं पाणी तिने करवंटीत भरलं, पिल्लं त्यात सोडली आणि करवंटी कशीबशी वर आणून ती कासव राहायचं त्या गोड्या पाण्याच्या तळ्याकडे निघाली.

वाटेत ससा धावत आला. “ताई, गोडं पाणी आहे ना? वेली करपल्यात, दे इकडे!”

“डोळे फुटले का तुझे? आधी आत बघ!” चंद्री ओरडली.

सशाने वाकून पाहिलं. आत इवल्या शेपट्या वळवळत होत्या. त्याचे कान खाली पडले. त्याने करवंटी दोन्ही पंजांत उचलली आणि तळ्याची वाट धरली.

“हळू चाल, सांडशील!” चंद्री मागून खेकसत राहिली.

भुरका थेंब न् थेंब जपत पाऊल टाकत होता.