पिळलेली लड

शुद्धलेखनाच्या चुका सांभाळून घ्याव्यात. शब्दही साधेच आहेत.

“...पण बाबा, जंतूचा आकार घेऊन करायचंय काय? सरळ असो नाहीतर पिळाचा, औषधानं मेला की संपलं!” भिकन म्हणाला.

चांदशा फकीर आपल्या राहत्या तकियासमोर बसून कफनी शिवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

भिकन रंगखान्यात सूत रंगवायचा. आपल्यासारखा रंग पंचक्रोशीत कुणी चढवत नाही, असं तोच सांगायचा. दोन महिने क्षयाच्या गोळ्या घेतल्या, खोकला थांबला, अंग भरलं. मग आठ दिवसांपूर्वी त्यानं गोळ्या गुपचूप बंद केल्या. सात महिन्यांच्या लेकीला मांडीवर घेऊ लागला.

आणि आज पहाटे खोकला पुन्हा आला होता.

“गोळ्या सुरू करतानाच दवाखान्यातल्या मॅडमनी दुर्बिणीतून दाखवलं होतं,” तो म्हणाला. “बारीक बारीक काड्या. एकेकट्या नाहीत, एकमेकींना चिकटून दोरीसारख्या वळलेल्या. म्हणाल्या, हा आकारच वाईट, आतल्यांपर्यंत औषध लवकर पोचत नाही. उगाच घाबरवतात. तुम्ही एकदा म्हणा ना, बरा झालास...”

“डॉक्टर तू झालायस. मी काय म्हणू?”

फकिरांनी शेजारची सुताची लड त्याच्यापुढे टाकली. घट्ट पिळून गाठ मारलेली.

“हिरवी करून दे. अशीच बुडव.”

भिकनला हसू आलं. “अशीच? बाबा, काल कामाला लागलेला पोरगाही असं करणार नाही. आधी पीळ सोडायचा. नाहीतर वरून हिरवीगार, आत पांढरीफटक.”

“आणि पीळ सुटतच नसला तर?”

“तर भिजत ठेवायची. दिवस लागतात. वरचा रंग बघून बाहेर काढायची नाही.”

“वरचा रंग बघून कोण काढतो?”

“असतो एखादा मूर्ख...”

भिकन थांबला. त्याचा हात छातीवर गेला.

फकिरांनी सुईत दोरा ओवला.

“बाबा... पोरीला काही होणार नाही ना?”

“दवाखाना तुझ्या गल्लीत. आणि हे विचारायला गाव ओलांडून माझ्याकडे आलास?”

दुसऱ्या दिवशी सकाळी भिकन लेकीला घेऊन दवाखान्यात गेला. आठ दिवसांचं खरं सांगितलं. सिस्टरांची बोलणी खाल्ली. दोघांची तपासणी झाली. लेकीला घरी सोडून तो तसाच तकियावर आला.

“बाबा, गोळ्या पुन्हा चालू झाल्या. पण फार भीती वाटतेय.”

“वाटू दे,” फकीर म्हणाले. “मागच्या खेपेला तुझ्याआधी तुझी भीतीच बरी झाली होती.”