महाराजांच्या हुतुतूला गडी मिळेना

समोरून खेळायला कोणी आलंच नाही, तर जिंकायचं कसं, सांगा बघू?

चिंचणगडच्या दुर्जयसिंह महाराजांपुढे हाच पेच होता. महाराजांना हुतुतूचं भारी वेड. पण गेले आठ महिने त्यांच्या संघाशी खेळायला शेजारच्या देवळीहून काळं कुत्रंही येत नव्हतं. का? तर महाराजांनी गावच्या तळ्यात बदकं पाळली, तळ्याला कुंपण घातलं आणि पाणी भरायला गेलेल्या बावीस माणसांना तुरुंगात टाकलं! त्यांत होता हैबती, दोन्ही मुलखांतला सगळ्यांत चपळ गडी. देवळीच्या संघाने निरोप धाडला, ‘‘हैबती ज्या मैदानात असेल, तिथेच आम्ही येऊ. तोवर राम राम!’’

‘‘नाही आले तर नाही!’’ महाराज म्हणाले. ‘‘आमचं काय अडलंय?’’

मग महाराजांचा संघ शिपायांशी खेळला. शिपाई इतके शहाणे, की हात लागायच्या आधीच बाद होऊन बसत. मग आचाऱ्यांशी खेळला. आचारी तर घरूनच बाद होऊन आले! दर वेळी दिवाणजी नगारा बडवायचे, शिपाई हुकमासरशी टाळ्या पिटायचे आणि महाराज स्वतःच्या गळ्यात स्वतःच हार घालून घ्यायचे.

मैदानावर फकीच्या पांढऱ्या रेघा मारायचं काम हैबतीची बहीण ठकू करायची. भाऊ आत गेल्यापासून तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता. एकदा हार सावरत महाराजांनी तिला विचारलं, ‘‘काय पोरी, कशी वाटली आमची जीत?’’

‘‘झकास, सरकार! उकिरड्यावर एकटाच असला, की आमचा कोंबडाही अशीच मान ताठ करतो.’’

दिवाणजींच्या हातून नगाऱ्याची टिपरी गळून पडली. महाराज लालबुंद झाले.

‘‘जीभ फार चालते तुझी! आता पाय चालव. परवा दुपारपर्यंत देवळीचा संघ इथे हवा. आणि तुझा भाऊ तुरुंगाच्या उंबऱ्याबाहेर अंगठासुद्धा टाकणार नाही! नाही जमलं, तर तूही जाऊन बस त्याच्याशेजारी.’’

ठकू घरी गेलीच नाही. ती थेट तुरुंगाच्या फाटकाशी गेली. तिथला धोंडजी हवालदार नेमाचा पक्का. महाराजांचे नियम त्याला तोंडपाठ होते.

‘‘म्हणून दाखवा ना काका,’’ ठकू म्हणाली.

धोंडजीने घसा साफ केला. ‘‘राजवाड्यातून शिक्क्याचा हुकूम आल्याशिवाय आतल्याला सोडू नये, मग तो कोणीही असो. आतून कोणी बोललं तर ऐकू नये, मग तो कोणीही असो. अर्ज दिला तर पेटीत टाकावा. पाणी सकाळी एकच पेला.’’

‘‘कोणीही म्हणजे अगदी कोणीही?’’

‘‘सरकारांनी दोनदा बजावलंय, बाई!’’

आठ महिन्यांत ठकू पहिल्यांदा हसली आणि तिने देवळीची वाट धरली.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती महाराजांपुढे हजर! ‘‘सरकार, संघ आलाय. हैबती असेल तिथेच ते खेळणार, आणि हैबती तर बाहेर येणार नाही. मग डाव तुरुंगाच्या अंगणातच मांडा की! फक्त यजमानांनी आधी आत जावं, पाहुणे मागून येतील.’’

‘‘वा!’’ महाराजांनी मांडीवर थाप मारली. ‘‘दोघांचाही शब्द राहिला!’’

महाराज आत गेले. त्यांचा संघ गेला, नगारा घेऊन दिवाणजी गेले, टाळ्या पिटायला झाडून सगळे शिपाई गेले. शेवटचा शिपाई आत शिरला आणि धोंडजीने नेहमीप्रमाणे फाटक धाडकन लावलं. देवळीचा म्होरक्या बाळोजी आपल्या गड्यांना घेऊन बाहेर लिंबाखाली निवांत बसला.

‘‘पाहुण्यांना आत सोड!’’ आतून महाराज ओरडले.

धोंडजीने कानांत बोटं घातली.

‘‘अरे, मी महाराज आहे! फाटक उघड!’’

‘‘ठकूबाई, आतून कोणी काही बोलतंय का?’’ धोंडजीने घाबरत विचारलं. ‘‘मला ऐकायची परवानगी नाही.’’

अंगणात सावलीचं नाव नव्हतं. महाराजांच्या घशाला कोरड पडली. ‘‘पाणी!’’

‘‘पाणी उद्या सकाळी, सरकार,’’ आतून हैबतीचा आवाज आला. ‘‘एकच पेला. हवं तर माझ्यातलं अर्धं घ्या. आणि अर्ज करा. आम्ही सगळ्यांनी केलेत.’’

महाराजांनी चरफडत आपली आणि आपल्या माणसांची मिळून एक चिठ्ठी खरडली आणि फाटकाखालून सरकवली. धोंडजीने ती अदबीने उचलली आणि पेटीत टाकली!

‘‘गाढवा! पोरी, तू तरी तो अर्ज घेऊन राणीसाहेबांकडे पळ आणि शिक्का मारून आण!’’

‘‘आणते की सरकार! पण काका, पेटी उघडायचीच, तर आधी कोणाचा अर्ज काढायचा?’’

‘‘आधी आला त्याचा आधी,’’ धोंडजी म्हणाला. ‘‘पहिला हैबतीचा.’’

‘‘आणि सरकारांचा कितवा?’’

‘‘तेविसावा.’’

‘‘मग आधी बावीस जण बाहेर, मागून सरकार. का रांग मोडून घुसायचंय सरकारांना?’’

आत एक कैदी फिसकन हसला. शिपाई हसले, आणि या वेळी हुकूम नव्हता! शेवटी महाराजही पोट धरून हसू लागले. ‘‘माझ्याच दोरीने मला बांधलंस की गं! ने, सगळेच अर्ज ने!’’

राणीसाहेबांनी बावीस शिक्के पटापट मारले. तेविसाव्याला मात्र बराच वेळ लावला.

कैदी एकेक करून बाहेर आले. सगळ्यांत शेवटी आपल्या माणसांसह घामाने निथळत महाराज आले. त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून ठकूला दिलं.

‘‘कडं घेते, सरकार. पण तळ्याचं कुंपणही काढा.’’

‘‘काढतो, बाई, काढतो!’’

‘‘आणि पुन्हा कोणाला असं आत टाकलंत,’’ लिंबाखालून उठत बाळोजी म्हणाला, ‘‘तर आचारी आहेतच तुमच्याशी खेळायला!’’

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंपण निघालं, मोकळ्या मैदानावर सामना झाला, आणि महाराजांचा संघ सपाटून हरला.