इंजिन बदललेली लाल गाडी

बहात्तराव्या वर्षी वेगवान गाडी घ्यावी का, या प्रश्नाने माझी तीन आठवडे झोप उडवली होती. मी भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेला, पण सेकंड हँड गाडीपुढे अगदी अडाणी. कोल्हापुरात जुन्या गाड्या विकणाऱ्या आनंदराव घोरपड्यांच्या आवारातली ती लाल गाडी मनात भरली होती. पण तिचं मूळ इंजिन काढून दुसरं बसवलेलं होतं.

"मेकॅनिककडून तपासून घेऊ का?" मी चाचरत विचारलं.

"सर, घोरपडेचा शब्द हीच तपासणी!" आनंदराव मिशीवर हात फिरवत म्हणाले. "मूळच्यापेक्षा हे इंजिन भारी आहे. पुस्तकं वाचून इंजिन कळत नसतं."

मी ओशाळलो आणि सही करायला पेन काढलं. तेवढ्यात सोबत आलेल्या माझ्या बायकोने, इंदुमतीने विचारलं, "ती पलीकडची काळी गाडी कुणाची हो?"

"माझी स्वतःची, काकू. हेच मॉडेल, हेच साल."

"आणि इंजिन?"

"मूळचंच! कुणाला हात लावू दिला नाही."

"अरेरे! मग असं करा, ही भारी इंजिनाची तुम्ही ठेवा. ह्यांना तुमची साधी चालेल. भाव तोच."

आनंदरावांचा हात मिशीवरच थांबला. मग ते मोकळेपणाने हसले. "हरलो, काकू. तुमचा मेकॅनिक आणा, इंजिन उघडून दाखवतो. पसंत पडलं, तर आरसी बुकात या इंजिनाचा नंबर चढवूनच गाडी देतो."

"पसंत पडलं तर घ्यायची ना?" मी हळूच इंदुमतीला विचारलं.

"घ्यायचीच! पण जोतिबाच्या घाटात ती मी चालवणार."